नऊ महिन्यांची हवा

सोलापुरात हवेचा विषय निघाला की बोलणे धुळीवर येते आणि धुळीवरच संपते. पाऊस कमी, रस्ते कायम कुठेतरी खोदलेले, आणि जानेवारीत गड्डा यात्रा भरली की होम मैदानावरचा धुरळा आसपासच्या गल्ल्यांत शिरलेला. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, दमेकरी उशाला टेकून रात्र काढतात. या तक्रारी खऱ्या आहेत. पण हवेचे दुखणे मोजताना एका जिवाला आपण हिशेबात धरत नाही. त्याने अजून पहिला श्वास घेतलेला नसतो; त्याच्या वाटची हवा त्याची आई घेत असते.

हे पुस्तक त्या जिवाविषयी आहे. गरोदरपणात आईच्या श्वासावाटे आत गेलेला धूर बाळाच्या जनुकांवर काही खुणा ठेवतो का, ठेवत असेल तर त्या किती टिकतात, आणि त्यांचा अर्थ किती लावावा, हे त्याचे प्रश्न आहेत. हे शास्त्र अजून तरुण आहे. त्यातले काही पक्के झाले आहे, बरेच व्हायचे आहे. तरीही ते सोलापूरच्या वाचकासमोर आजच यावे असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण शास्त्रापेक्षा सोलापुरात जास्त आहे.

धुळीमागे धूर झाकला जातो. शहरापासून जवळच, दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात, कोळशावर चालणारे एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे वीज केंद्र आहे. साखर कारखान्यांची संख्या पाहिली तर हा जिल्हा राज्यात सर्वांत पुढे. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतात आणि बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळू लागते. ऊस तुटला की शेतात पाचट पेटते. महामार्गांवर डिझेलची वाहतूक बारा महिने चालू. वस्त्यांत कचरा जळतो, चुलीत तुराट्या आणि बाभळीची लाकडे जळतात, अंधार पडला की डासांसाठी कॉइल लागते. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले होते. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि हा सगळा धूर वर जात नाही. म्हणजे गळीत हंगाम आणि कोंडलेली हवा एकाच वेळी येतात. आषाढात दिवस गेलेल्या बाईचे चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे महिने नेमके यात जातात.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे मानक वर्षानुवर्षे न गाठलेल्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. या कार्यक्रमाचा भर पीएम १० या जाड कणांवर राहिला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये देशभरचा खर्च तपासला, तेव्हा ६४ टक्के पैसा रस्त्यावरची धूळ आवरण्यात गेल्याचे दिसले. उद्योगांच्या वाट्याला एक टक्कासुद्धा आला नव्हता. धूळ आवरायला हवी, याबद्दल वाद नाही. पण जाड धूळ बव्हंशी नाकाघशात अडकते. फुप्फुसाच्या टोकापर्यंत आणि तिथून रक्तापर्यंत जाणारे कण जळण्यातून येतात: पीएम २.५ आणि त्याहून बारीक. गर्भाच्या दृष्टीने हिशेब करायचा तर तो धुरापासून सुरू करावा लागतो. पीएम २.५ चे आपल्या देशातले वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली. या दोन आकड्यांमधल्या अंतरात आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच गरोदर बायका राहतात.

आता त्या खुणांकडे. शरीरातल्या प्रत्येक पेशीत जवळजवळ एकच डीएनए असतो, तरी यकृताची पेशी यकृताचे काम करते आणि मेंदूची मेंदूचे. सोलापूरकराला हे समजायला मागाकडे पाहणे पुरे. चादरीच्या मागावर उभे सूत तेच असते. कोणता धागा कधी उचलायचा हे जकार्डचे भोके पाडलेले पुठ्ठे ठरवतात, आणि पुठ्ठे बदलले की त्याच सुतातून वेगळी नक्षी उतरते. पुठ्ठ्यांचे हे काम डीएनएवरच्या काही रासायनिक खुणा करतात. त्यांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. हे नाव १९४२ मध्ये कॉनराड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने प्रचारात आणले, तेव्हा डीएनएची रचनाही कोणाला माहीत नव्हती. आज सर्वांत जास्त अभ्यास होतो तो मिथाइलेशन या खुणेचा. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा छोटा मिथाइल गट डीएनएमधल्या सायटोसिन या घटकाला चिकटतो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात अशा गटांची दाटी झाली की ते जनुक बहुधा गप्प बसते. माणसाच्या जनुकसंचात अशी खूण बसू शकेल अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत.

या खुणा कधी लिहिल्या जातात, हे आपल्या विषयासाठी महत्त्वाचे. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईवडिलांकडून आलेल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात आणि गर्भ गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास नव्याने उमटू लागतात. त्या वेळी बाईची पाळीसुद्धा चुकलेली नसते. नाव नोंदवणे, सोनोग्राफी, लोहाच्या गोळ्या, सगळे त्यानंतरचे. पुढचे महिने प्रत्येक अवयव घडताना खुणा जागोजागी बदलत राहतात. बाहेरच्या जगाचा परिणाम त्यांच्यावर होऊ शकतो याचा माणसांमधला सर्वांत प्रसिद्ध पुरावा हॉलंडमधला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे तिथे दुष्काळ पडला. त्या उपासमारीच्या काळात ज्यांचा गर्भ राहिला होता, अशा माणसांची साठ वर्षांनी तपासणी झाली. वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावरचे त्यांचे मिथाइलेशन त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळले. हा निष्कर्ष २००८ चा. गर्भातल्या काही आठवड्यांची भूक सहा दशके अंगावर राहिली होती.

भुकेनंतर धूर. इथला पुरावा पहिल्यांदा भक्कम झाला तो सिगारेटच्या बाबतीत, कारण सिगारेट मोजता येते. २०१२ मध्ये नॉर्वेतल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात आणि २०१६ मध्ये १३ अभ्यासगटांतल्या ६,६८५ नवजात बाळांत आई धूम्रपान करत होती की नाही याची छाप मिथाइलेशनमध्ये स्पष्ट दिसली. दुसऱ्या अभ्यासात सहा हजारांहून अधिक जागांवर. त्यात एएचआरआर नावाचे जनुक सतत पुढे येते, आणि ते का येते हे समजते. जळण्यातून निघणारी पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन्स ही संयुगे पेशीतल्या एका ग्राहकाला चिकटतात आणि विषाचा निचरा करणारी यंत्रणा सुरू होते. एएचआरआर त्या यंत्रणेचा लगाम आहे. धूर घेणाऱ्या आईच्या बाळात या लगामावरच्या खुणा जन्मतःच बदललेल्या असतात. ब्रिस्टलजवळच्या एका दीर्घ अभ्यासात अशीच मुले सातव्या आणि सतराव्या वर्षी पुन्हा तपासली गेली. काही जागा पूर्ववत झाल्या होत्या. काही सतरा वर्षांनीही तशाच होत्या. दोन्ही गोष्टी सारख्याच लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

बाहेरच्या हवेचा पुरावा याहून बारीक आहे, आणि तसाच तो सांगायला हवा. २०१७ मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या चार अभ्यासांमधली १,५०८ नवजात बाळे एकत्र पाहिली गेली. वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडशी नाळेच्या रक्तातल्या मोजक्याच जागांचा संबंध लागला; त्या जागा पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाशी निगडित जनुकांवर होत्या. दोन वर्षांनी सूक्ष्म कणांबद्दल असाच अभ्यास आला. त्यातही सहज मोजता येतील इतक्याच जागा निघाल्या. बेल्जियममधल्या संशोधकांना २०१३ मध्ये वारेच्या डीएनएवरचे एकूण मिथाइलेशन पीएम २.५ वाढले की घटताना दिसले. त्याच देशात हॅसेल्ट विद्यापीठात २०१९ मध्ये काळ्या कार्बनचे कण वारेत शोधले गेले आणि तपासलेल्या प्रत्येक वारेत, बाळाच्या बाजूलाही, ते सापडले. २०२२ मध्ये गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही ते आढळल्याचे प्रसिद्ध झाले. वार बाळाला सगळ्यातून गाळून देते, या आपल्या समजुतीला इथे तडा जातो.

या सगळ्यात सोलापूरला सर्वांत जवळचा अभ्यास मला चीनमधल्या तोंगलियांगचा वाटतो. चोंगचिंगजवळच्या या गावात कोळशावर चालणारे वीज केंद्र होते. ते वर्षभर नव्हे, डिसेंबर ते मे या काळात चाले. २००४ च्या मे महिन्यात ते कायमचे बंद झाले. कोलंबिया विद्यापीठातल्या फ्रेडरिका पेरेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जन्मलेली आणि २००५ मध्ये जन्मलेली मुले शेजारी ठेवून पाहिली. गाव तेच, अन्न तेच, आयांची परिस्थिती साधारण तीच. नंतरच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात धुराच्या संयुगांनी डीएनएला केलेले नुकसान कमी होते, मेंदूच्या वाढीला लागणारे बीडीएनएफ हे प्रथिन जास्त होते. पहिल्या गटात धुराचा मुलांच्या विकासाशी जो संबंध दिसत होता, तो दुसऱ्या गटात दिसेनासा झाला. हवा बदलली आणि तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या बाळांच्या रक्तात फरक आला. हवेच्या अभ्यासात इतका सरळ पुरावा क्वचित हाती लागतो.

सोलापूरनेही एक चिमणी पडताना पाहिली आहे. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी स्फोटकांनी पाडली. वर्षानुवर्षे चाललेल्या त्या वादात विमानसेवा होती, ऊस उत्पादक होते, न्यायालय होते. चिमणी विमानांच्या वाटेत येत होती म्हणून गेली. कोणत्याही चिमणीखाली राहणाऱ्या गरोदर बाईचा प्रश्न म्हणून या शहराने आजवर असा वाद मांडलेला नाही, आणि हे पुस्तक वाचून कोणी तो मांडला तर मला आनंद होईल.

पण त्याआधी शास्त्राची मर्यादा सांगणे मी टाळणार नाही, कारण ती न सांगता केलेला प्रचार पुढे अंगलट येतो. नाळेच्या रक्तात आढळणारे फरक सहसा फार लहान असतात, एखाद-दोन टक्क्यांचे. रक्तात अनेक प्रकारच्या पेशी असतात. त्यांचे आपापसातले प्रमाण बदलले तरी खुणा बदलल्यासारख्या भासतात. एका अभ्यासात सापडलेली जागा दुसऱ्यात सापडतेच असे नाही. नाळेचे रक्त म्हणजे मेंदू किंवा फुप्फुस नव्हे, तिथे काय झाले ते यावरून अंदाजानेच सांगावे लागते. धुरात राहणारी बाई बहुधा गरीबही असते, कमी खाते, दिवस भरेपर्यंत काम करते. तिच्या बाळावरचा धुराचा परिणाम गरिबीच्या परिणामापासून वेगळा काढणे अतिशय कठीण. आणि खूण म्हणजे आजार नव्हे. बदललेल्या मिथाइलेशनसह जन्मलेली असंख्य मुले धडधाकट वाढतात. एखाद्या बाळाच्या रक्ताचा नमुना पाहून त्याचे भविष्य सांगतो म्हणणारी प्रयोगशाळा उद्या सोलापुरात उघडली, तर तिच्या पायऱ्या चढू नका.

खुणांचे शास्त्र बाजूला ठेवले तरी वजनाचा पुरावा उरतो. तमिळनाडूतल्या गरोदर बायकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढले की बाळाचे वजन सरासरी ४ ग्रॅमने कमी, आणि कमी वजनाची बाळे दोन टक्क्यांनी जास्त. चार ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण चुलीच्या घरात आणि गॅसच्या घरात फरक दहा मायक्रोग्रॅमचा नसतो, त्याच्या कितीतरी पट असतो. याच्या उलट बाजूचाही एक अभ्यास आहे आणि तो प्रामाणिकपणे पुढे ठेवायला हवा. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायका निवडून त्यांतल्या निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि मोफत सिलिंडर दिले गेले. आईच्या वाटचे पीएम २.५ सुमारे ७० वरून २४ वर आले. २०२२ मध्ये निकाल लागला: बाळांच्या वजनात फरक नाही. कारणांची चर्चा अजून चालू आहे. अभ्यासासाठी निवड झाली तेव्हाच या बायकांना नऊ ते वीस आठवडे झालेले होते, हे मात्र विसरून चालणार नाही. सुरुवातीचे आठवडे धुरातच गेले होते. गॅस बाळासाठी द्यायचा तर तो लग्नाच्या घरात द्यावा लागेल, डोहाळे जेवणाला नाही.

महाराष्ट्राने या शास्त्रात मोठे काम आधीच केले आहे. ते हवेचे नाही, अन्नाचे आहे, पण दोन्ही वाटा पुढे एकत्र येतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास होती. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. सुमारे दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. मिथाइल गट पेशीला मिळतो तो याच दोन जीवनसत्त्वांच्या चक्रातून. म्हणजे आपल्याकडची बाई धुराला सामोरी जाते तेव्हा खुणा लिहिण्याचे साहित्यच तिच्याकडे तुटपुंजे असते. २०१७ मध्ये दहा निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात बी गटाची जीवनसत्त्वे घेतल्यावर सूक्ष्म कणांचा मिथाइलेशनवरचा परिणाम कमी झाल्याचे दिसले. दहा माणसांवरून धोरण ठरत नाही आणि गोळी हा धुरावरचा उपाय नव्हे. पण ज्वारीची भाकरी, डाळ आणि क्वचित दूध यावर गरोदरपण काढणाऱ्या बायकांच्या जिल्ह्यात भूक आणि धूर यांचा अभ्यास एकत्र व्हायला हवा, आणि तो पुण्या-मुंबईत नव्हे, इथे व्हायला हवा. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी जोडलेले सर्वोपचार रुग्णालय इथे आहे. जिल्ह्यातल्या आणि सीमेपलीकडच्याही बायका तिथे बाळंत होतात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या शास्त्राच्या गैरवापराची. आपल्याकडे गर्भसंस्कारांचा मोठा बाजार आहे. आईने काय ऐकावे, काय वाचावे, कसा विचार करावा, कोणता फोटो समोर लावावा, याची पुस्तके आणि वर्ग शहरोशहरी आहेत. अभिमन्यूची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पोटातल्या बाळावर आईच्या जगण्याचा परिणाम होतो, हे एपिजेनेटिक्सही म्हणते. तेवढ्या आधारावर उद्या या वर्गांच्या जाहिरातींत मिथाइलेशनचे नाव झळकायला वेळ लागणार नाही. मग मूल अशक्त झाले, अभ्यासात मागे पडले, दमेकरी निघाले, की सासरी प्रश्न एकच: गरोदरपणात तू काय केलेस? २०१४ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात सारा रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच इशारा दिला होता, की या संशोधनाचा वापर आयांना दोषी धरण्यासाठी होऊ नये. आपल्या समाजात त्या इशाऱ्याची गरज दुप्पट आहे. बाई काय वाचते ते थोडेफार तिच्या हातात असेल. ती काय श्वासात घेते ते तिच्या हातात नाही. ते वीज केंद्राच्या, कारखान्याच्या, महापालिकेच्या, विडी मालकाच्या आणि घरात विडी ओढणाऱ्या नवऱ्याच्या हातात आहे.

विडीचे सविस्तर बोलायला हवे, कारण सोलापूरचा या विषयातला स्वतःचा अध्याय तोच आहे. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग घटत गेले, तेव्हा पूर्व भागातली हजारो घरे बायकांनी विड्या वळून चालवली. यातल्या बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबांतल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापलेली तेंदूची पाने, आणि दिवसाला हजार विड्यांचे लक्ष्य. कुंभारीला कॉ. गोदावरी परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची विडी कामगार वसाहत उभी राहिली, ही देशातली मोठी गोष्ट आहे. पण काम घरातच राहिले, आणि तंबाखूही. स्वयंपाक, झोप, बाळाची झोळी आणि तंबाखूची भुकटी एकाच खोलीत. विडी वळणाऱ्या बायकांच्या लघवीत निकोटीनचे अवशेष सापडल्याचे आपल्याच देशातल्या अभ्यासांनी दाखवले आहे, आणि निकोटीन वार ओलांडून गर्भात जाते. यावर एक सावधगिरी: विडी वळणे म्हणजे विडी ओढणे नव्हे. इथे भुकटी आहे, जळण नाही. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांत दिसलेल्या खुणा इथेही तशाच असतील असे धरून चालता येत नाही. त्या वेगळ्या असू शकतात. म्हणूनच नॉर्वेच्या आकड्यांवर आपण निभावू शकत नाही. सात रस्ता आणि वालचंद इन्स्टिट्यूटच्या आवारात हवा मोजली जाते, ते चांगलेच आहे. पण कुंभारीतल्या खोलीत गरोदर बाईच्या नाकाशी काय आहे, हे ती यंत्रे सांगू शकत नाहीत.

दुसरा अध्याय उसाच्या फडातला. दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड जोडपी इथल्या कारखान्यांवर येतात आणि उन्हाळ्यापर्यंत कोप्यांत राहतात. पहाटे अंधारात कोपीच्या तोंडाशी तीन दगडांची चूल पेटते, मग दिवसभर फड, कधी आधी पेटवलेला ऊस, पाचटाचा धूर, ट्रॅक्टरचे डिझेल. उचल फेडायची असते म्हणून सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळी डोक्यावर असते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता; पोटातले तिसरे कुठेच नोंदलेले नसते. ही बाई तपासणीला नाव नोंदवते एका जिल्ह्यात आणि श्वास घेते दुसऱ्या.

हवेचा गर्भावरचा परिणाम मोजताना आपल्याकडे हीच मोठी अडचण येणार आहे. युरोपातले अभ्यास आईच्या घराच्या पत्त्यावरून नऊ महिन्यांची हवा काढतात. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सोलापूरची सून सातव्या महिन्यात अक्कलकोटच्या किंवा विजापूरच्या खेड्यात जाते, पुण्याला नांदणारी लेक सोलापुरात येते. पत्ता बदलतो, चूल बदलते, हवा बदलते. पत्त्याने नव्हे, माणसामागे जाऊन मोजावे लागेल.

आणि बाळ बाहेर आल्यावरही धूर त्याची पाठ सोडत नाही. दारे-खिडक्या बंद केलेली बाळंतिणीची खोली, बाजेखाली कोळशाची शेगडी, बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी. यामागे आज्यांची माया आहे, थंडी आणि जंतूंची भीती आहे, आणि पिढ्यांचा अनुभव आहे. ऊब हवीच. पण कोंडलेल्या खोलीतला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि दहा दिवसांच्या फुप्फुसाला धुरीची गरज नाही. आज्यांनी हे ऐकले तर त्या बदलतील, असा माझा विश्वास आहे; त्यांना ते कोणी नीट बसून सांगितलेले नाही, एवढेच.

पुढच्या प्रकरणांत शास्त्राचा तपशील आहे. तो वाचताना आकड्यांची घाई करू नये, आणि एखादा निष्कर्ष फार सोपा वाटला तर पुन्हा मागे जाऊन पाहावे. पण सगळा पुरावा पक्का होईपर्यंत थांबा, असे हे पुस्तक सांगत नाही. धूर वाईट हे ठरवायला मिथाइलेशनची वाट पाहायची गरज नव्हती आणि नाही. औष्णिक वीज केंद्रांच्या धुरासाठी केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये कडक नियम केले, मग गंधकाच्या धुराबाबतच्या नियमांची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. त्या प्रत्येक मुदतवाढीत असंख्य गर्भारपणे येऊन गेली.

वाचकांत कोणी आशाताई किंवा परिचारिका असेल, तर माझी त्यांना विनंती आहे: नाव नोंदवताना घरात काय जळते, कोण ओढते आणि बाई विड्या वळते का, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. कोणी वैद्यकीय महाविद्यालयात असेल, तर नाळेचे रक्त टाकून देण्याआधी त्याचा एक नीट आखलेला अभ्यास सुरू करा, कुंभारीपासून करा. कोणी महापालिकेत किंवा जिल्हा परिषदेत असेल, तर शुद्ध हवेच्या पैशातला निम्मा तरी वाटा जळण्यावर खर्च करा: कचऱ्याच्या आगीवर, पाचटावर, कोप्यांमधल्या गॅसवर. विडी वळणाऱ्या बाईला गरोदरपणात पगारी रजा मिळाली पाहिजे आणि त्या महिन्यांत तंबाखूचे सूप तिच्या मांडीवर नसले पाहिजे. आणि कोणी गरोदर बाई हे वाचत असेल, तर तिने घाबरू नये. यातली जवळजवळ कोणतीच गोष्ट तिने केलेली नाही, आणि ती दुरुस्त करण्याचे काम तिच्या एकटीचे नाही.